सरांकडं ठेवलेली स्वप्नं

आमचे टायपिंगचे सर डोळे मिटून टाईप करायचे. की-बोर्डकडं न बघता टाईप करणारे पुष्कळ असतात, मीही करते, त्यांनीच शिकवलंय. पण सर खरोखरच डोळे मिटायचे. चष्मा काढून शर्टाच्या खिशात, पाठ ताठ, मान जरा उजवीकडं कललेली आणि दहाही बोटं सुरू. समोरच्या स्टुलावर कुणीतरी बसलेलं असायचं आणि हळू आवाजात काहीतरी सांगत असायचं. सकाळी सहा ते साडेसात ही त्यांची वेळ. तेवढ्या वेळात गल्लीतली माणसं येऊन आदल्या रात्री पडलेली स्वप्नं त्यांना सांगायची आणि सर ती उतरवून घ्यायचे.

हसायचं असेल तर हसून घ्या. आम्हीपण हसायचो.

पंचगंगेकडं उतरत जाणारी आमची गल्ली. सकाळी नदीवरनं धुकं वर चढायचं ते सरांच्या उंबऱ्यापर्यंत यायचं. म्हशी धुवायला निघालेल्या असायच्या, त्यांच्या नुसत्या पाठी दिसायच्या, पाय दिसायचे नाहीत. त्या धुक्यातनं कुणी शाल गुंडाळून, कुणी दुधाची किटली हातात धरून दाराशी उभं राहायचं. सर आतनंच ओरडायचे, "तोंड धुतलंय काय? धुतलं असलं तर परत जावा. धुतल्यावर निम्मं निघून जातंय." हा त्यांचा पहिला नियम. चूळ भरायच्या आधी यायचं.

दुसरा नियम, अर्थ विचारायचा नाही. "मी काय जोतिषी हाय व्हय? मी टायपिस्ट हाय. तुम्ही बोला, मी मारतो." आणि तिसरा, सांगून झालं की गुळाचा एक खडा आणि तांब्यातलं पाणी घेतल्याशिवाय उठायचं नाही. गुळाची छोटी ढेप फडक्यात बांधून ते कॉम्प्युटरच्या डब्यावरच ठेवायचे. तिथं ऊब असते, गूळ मऊ राहतो, असं त्यांचं म्हणणं. तिथं ठेवू नका म्हणून मी किती वेळा सांगितलं असेल. ऐकतील तर सर कसले.

सरांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. बारा मशिनं. गल्लीतल्या निम्म्या कारकुनांची बोटं तिथंच तयार झाली. मशिनवर फडकं टाकून त्याच्याखाली हात घालून टाईप करायला लावायचे आणि पाठीमागनं फिरत म्हणायचे, "बघून टाईप करणारा आन् बघून जेवणारा, दोघांचंबी पोट भरत न्हाय." चुकलं की पट्टी मारायचे नाहीत, कागद काढून दिव्यापुढं धरायचे आणि चुकीचं अक्षर बराच वेळ बघत राहायचे, कुणी आजारी असल्यासारखं. आम्हाला त्याचीच जास्त लाज वाटायची. पुढं मशिनं भंगारात गेली, घरात एक कॉम्प्युटर आला, आणि टाईप करायला काहीच उरलं नाही. काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, सांगायच्या, "जेवताना ताटाच्या कडंवर बोटं आपटायचं बघ हे माणूस."

अशात एके सकाळी शेजारच्या म्हातारीला वाईट स्वप्न पडलं. घरात बोलावं तर खरं होतंय म्हणतात. ती घाबरून बाहेर आली आणि सरांच्या पायरीवर बसून भडाभडा सगळं सांगून मोकळी झाली. सर आत कॉम्प्युटरपुढं बसले होते. बोटं की-बोर्डवरच होती, ती चालली. म्हातारीचं सांगून झालं तेव्हा पडद्यावर पाऊण पान तयार. "मी ऐकतच न्हवतो," सर शपथेवर सांगायचे, "बोटंच ऐकत हुती." म्हातारीला त्या रात्री गाढ झोप लागली. दुसऱ्या दिवशी ती जावेला घेऊन आली. महिनाभरात निम्मी गल्ली.

काकूंनी मात्र आयुष्यात एक स्वप्न सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "झोप लागली तर स्वप्न पडल न्हवं? पहाटंपास्नं ह्यांची टकटक."

ह्या स्वप्नांना कुलूप घालायला मीच शिकवलं, हे आधीच कबूल करते. झालं असं, सुट्टीला राधानगरीहून सरांचा एक पाव्हणा आला आणि त्यानं कॉम्प्युटर उघडून एका बाईचं स्वप्न वाचलं. तिचा नवरा म्हैस झालाय आणि ती त्याची धार काढतीय, असं काहीतरी. दुपारपर्यंत नळावर ते ह्या तोंडाचं त्या तोंडाला झालं. बाई दोन दिवस घराबाहेर पडली नाही. सर तिच्या दारात जाऊन हात जोडून उभे राहिले. नवरा आधी चिडला, मग त्यालाच हसू फुटलं, आणि प्रकरण मिटलं. पण सरांचं मिटलं नाही. माझं स्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सर तिथं आले आणि म्हणाले, "पोरी, दुसऱ्याचं स्वप्न म्हंजे दुसऱ्याची लेक हाय. माझ्या घरात नांदाय आलीया. तिला दार पायजे."

मग मी जाऊन ती सोय करून दिली. फाईलवर उजवं क्लिक, एक खूण, की फाईल कुलूपबंद. नाव हिरवं होतं. त्या कॉम्प्युटरवर सरांच्या नावानं शिरलं तरच उघडणार, दुसऱ्या कुणाला नाही. हिरवी नावं बघून सर लहान मुलासारखे खूश. मी त्यांना बजावलं, "ह्याचं एक सर्टिफिकेट तयार झालंय. ते पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. मशिन बिघडलं तर तीच किल्ली." काढायची कशी तेही सांगितलं. पण प्रत्यक्ष काढताना मला भिंतीकडं तोंड करून बसवलं. किल्ली बनवताना दुसऱ्यानं बघायचं नसतं म्हणे. मीपण हसत हसत भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसले. तिथंच माझी चूक झाली.

तो पेन ड्राइव्ह देव्हाऱ्यात राहायचा. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, तेव्हा काकूंचा विळा, सरांचा जपून ठेवलेला एकुलता एक टाईपरायटर आणि हा पेन ड्राइव्ह अशी ओळीनं मांडामांड. हळद-कुंकू, झेंडूचं फूल. त्या दिवशी एकही स्वप्न घेतलं जायचं नाही, हत्यारं विश्रांतीला म्हणून. लोक स्वप्न धरून दसऱ्यापर्यंत थांबायचे.

आता आप्पांचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आप्पा म्हणजे माझे वडील. गूळ बाजारात वजनकाट्यावर कामाला होते. आमचा दोघांचा सात वर्षं अबोला होता, एकाच घरात. जयसिंगपूरचं स्थळ आलं होतं, सगळं ठरलं होतं, आणि आमच्याच दारात सुपारीच्या दिवशी मी नाही म्हणाले. पाव्हण्यांसमोर, भरल्या घरात. आप्पांची मान खाली गेली ती गेलीच. मी का नाही म्हणाले, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मुलाच्या मामानं ओट्यावर बसल्या बसल्या आप्पांना सांगितलं होतं, "आमच्या चपला उन्हात हायत, जरा आत घ्या की." आणि आप्पांनी एकेक जोड उचलून, हातानं पुसून, सावलीत मांडला होता. मी खिडकीतनं बघत होते. हे त्यांना सांगायचं म्हणजे त्यांना परत त्या चपलांपाशी उभं करायचं. ते माझ्यानं झालं नाही. आणि आप्पांच्या डोक्यात राहिलं, की लेकीनं आपली अब्रू घालवली. त्यानंतर आई आमचा टेलिफोन झाली. "तिला सांग, छत्री ने म्हणावं." मी तिथंच दोन हातांच्या अंतरावर उभी असायची.

गेल्या श्रावणात आप्पा झोपेतच गेले. सात वर्षांत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत आणि मी त्यांच्याशी. मला वाटायचं, वेळ पडली की बोलू, कुठं जातोय बाप. जातो. सांगून ठेवते, जातो.

दिवाळीनंतर सरांचा निरोप आला, कॉम्प्युटर मेला. जाऊन डबा उघडला तर आत मुंग्या. ओळीच्या ओळी मदरबोर्डवर चिकटून मेलेल्या, गुळाचा पातळ थर सगळीकडं. मी सरांकडं बघितलं. सर छताकडं बघायला लागले. काकू दारातनं म्हणाल्या, "त्यांनाबी स्वप्न सांगायचं असंल." मदरबोर्ड गेला होता. डिस्क धडधाकट होती. मी नवीन मशिन दिलं, जुनी डिस्क त्याला जोडली. पडद्यावर हिरव्या नावांची यादी उलगडत गेली. सरांनी प्रत्येक माणसाच्या नावानं एकेक फाईल ठेवलेली. मी खाली खाली सरकवत होते, आणि मधेच आप्पांचं नाव आलं.

मला आधी वाटलं, नावासारखं नाव. पण पुढं कंसात 'गूळ बाजार' लिहिलेलं.

"सर, हे?" मी विचारलं.

सर चष्मा पुसायला लागले. "पाच वर्सं येत हुता. साडेपाचला. सगळ्यांच्या आधी."

आप्पा साडेपाचला फिरायला जातात, असं आम्ही घरात धरून चाललो होतो. मी आईला कधी विचारलंही नाही, कुठं जातात म्हणून. अबोला धरलेल्या माणसाची चौकशी करायची नसते ना. आणि सरांच्या घरातला तो गूळ आप्पाच आणून देत होते, हेही मला त्या दिवशी कळलं. माझ्या आप्पांची पाच वर्षांची झोप त्या एका हिरव्या नावात होती, आणि मला ती पाहिजे होती. त्यात माझं नाव असो नसो. मला तेवढं एकदा वाचायचं होतं.

देव्हाऱ्यातनं पेन ड्राइव्ह आला. त्याच्या तोंडात हळद बसलेली, ती फुंकून काढली. सर्टिफिकेट आत घेतलं. पडद्यावर आलं, यशस्वीपणे इम्पोर्ट झालं. सर म्हणाले, "बघ की! गडी पक्का हाय." फाईल उघडली. परवानगी नाही. दुसरी उघडली. परवानगी नाही.

"घेतलं तर म्हणतंय," सर म्हणाले, "मग उघडंना का झालंय?"

मी अख्खी सकाळ त्यातच घालवली. सर्टिफिकेट चुकीच्या कप्प्यात पडलं का बघितलं, बरोबर होतं. डिस्कवर सरांच्या नव्या नावाला हक्क दिले, उपयोग शून्य. प्रत्येक सर्टिफिकेटला एक लांबलचक आकडा असतो, त्याची ओळखखूण. फाईलला लागलेला आकडा आणि सर्टिफिकेटवरचा आकडा ताडून बघायला बसलो. सर वाचायचे, मी टिक करायची. शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला. किल्ली त्याच कुलपाची होती आणि कुलूप उघडत नव्हतं. बाहेर धुक्यात लोक स्वप्न घेऊन उभे होते आणि सर त्यांना सांगत होते, "आज न्हाय. धरून ठेवा. न्हायतर कागदावर लिवून आणा, पर झाकून."

दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेले. सर्टिफिकेट नुसतंच उघडून वाचत बसले, डोकं चालेना म्हणून. अशा सर्टिफिकेटच्या तळाला एक ओळ असावी लागते, ह्याची खाजगी किल्ली तुमच्याजवळ आहे म्हणून, बाजूला किल्लीचं बारीकसं चित्र. ती ओळ नव्हती. अगं बाई, मी कपाळावर हात मारला. फाईलच्या नावाचं शेपूट, म्हणजे टिंबापुढची अक्षरं, बघितली असती तरी पहिल्या मिनिटाला कळलं असतं. बारा वर्षं हा धंदा करतेय आणि ही अक्कल.

"सर," मी म्हणाले, "त्या दिवशी हे पेन ड्राइव्हवर काढताना कॉम्प्युटरनं एक प्रश्न विचारला होता का? खाजगी किल्लीपण सोबत काढायची का, म्हणून?"

"इचारला की."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"न्हाय म्हणालो."

"का?"

"आता का म्हंजे?" सर चिडले. "खाजगी म्हणतंय न्हवं ते? खाजगी वस्तू घराबाहेर काढत्यात व्हय? मला तर त्या कॉम्प्युटरचाच राग आला. इचारतंय कसं म्हटलं, तोंड वर करून."

मी हसायला लागले. हसता हसता रडू कधी फुटलं ते कळलं नाही. ह्या कुलपाचे दोन तुकडे असतात. एक नुसता बंद करतो, तो गावभर वाटला तरी चालतो. दुसरा उघडतो, तो खाजगी. सरांनी वर्षानुवर्षं हळद-कुंकू वाहून जपला होता तो बंद करणारा. उघडणारा तुकडा त्यांनी सभ्यपणानं आतच ठेवला होता, आणि तो कॉम्प्युटर मुंग्यांनी खाल्ला होता. अख्ख्या कोल्हापुरात ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातनं झाली नसती.

सरांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी पेन ड्राइव्ह हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला. मग एकदम म्हाताऱ्या आवाजात म्हणाले, "म्हंजे गेली काय समदी? लोकं इस्वासानं ठेवून गेलती, पोरी."

गेली नव्हती, हेच नशीब. डिस्क कुणी पुसली नव्हती. जुना सगळा संसार तिच्यावर तसाच होता, खाजगी किल्लीसकट. फक्त तिला तिचं जुनं घर पाहिजे होतं. मी चार दिवस भंगारवाल्यांकडं फिरले आणि त्याच कंपनीचं, त्याच बनावटीचं जुनं मशिन शोधून आणलं. डिस्क त्यात बसवली. पंखा घरघरला, पडदा उजळला, आणि सरांच्या नावाची जुनी चौकट आली. पासवर्ड मागितला. सरांनी काकूंकडनं टॉवेल मागवला, की-बोर्डवर पसरला, त्याच्याखाली हात घातले आणि डोळे मिटले. मी आपणहून भिंतीकडं तोंड केलं. एका दमात, एकही चूक नाही. आत शिरलो.

"तपासायला एक उघडून बघायला पाहिजे," मी म्हणाले.

"माझी उघड," सर म्हणाले.

त्यांचीपण फाईल होती. उघडली. पहिलंच स्वप्न असं होतं, की इन्स्टिट्यूटमध्ये बारा मशिनं आपोआप चाललीत, समोर कुणी बसलेलं नाही, आणि सर मधनं फिरतायत. कागद काढून बघतात तर सगळे कोरे. पण एकही चूक नाही म्हणून ते सगळ्यांना पास करतायत. मी वाचत होते आणि सर लाजून खिडकीबाहेर बघत होते. बाहेर नदीकडची पांढुरकी हवा होती आणि कुणाचीतरी म्हैस सावकाश चालली होती.

मग मी विचारलंच. "सर, आप्पांची उघडू?"

"न्हाय."

"माझे वडील आहेत."

"तुझं वडील हायत. स्वप्न तुझं न्हवं."

माझं डोकं फिरलं. मी काय काय बोलले ते सांगत नाही. मशिन मी शोधलं, चार दिवस दुकान बंद ठेवलं, मुंग्या मी पुसल्या, आणि हा म्हातारा मला माझ्या बापाचं दोन ओळींचं बोलणं देत नाही. सर ऐकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "आज तुला दिलं, तर त्या पाव्हण्यानं काय वंगाळ केलं हुतं?" मी चप्पल घातली आणि निघाले. काकू मागनं हाका मारत होत्या. त्यांच्याकडं आठवडाभर फिरकले नाही.

त्या आठवड्यात सरांनी वेगळंच आरंभलं, ते मला आईकडनं कळत होतं. किल्ली परत बाहेर काढायची नाही आणि आतपण ठेवायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. "मी किती दिवसाचा? माझ्यामागं ह्या हिरव्या नावांचं कोण बघणार? ज्याचं त्याला देऊन टाकतो." एकेकाचं स्वप्न छापून, पाकिटात घालून, घरपोच. गल्लीत पाचसहा दिवस नुसता गोंधळ. दूधवाला आपलं पाकीट रस्त्यातच वाचून लाल झाला. एक वहिनी म्हणाल्या, हे माझं नव्हेच, मी एवढी घाबरट नाही. ती म्हशीवाली बाई आणि तिचा नवरा ओट्यावर बसून मोठ्यांदा वाचत होते आणि दोघंही पोट धरून हसत होते. शेजारची म्हातारी जाऊन वर्षं झाली होती. तिचं काय, असं कुणीतरी विचारलं. सर म्हणाले, "गेलेल्या माणसांचं पाण्याला सांगणार." वाईट स्वप्न वाहत्या पाण्याला सांगावं, पाणी ते घेऊन जातं, असं आमच्याकडची जुनी माणसं म्हणतात. बरं असो वाईट असो, धनी नसलेलं स्वप्न पाण्याचं, असा सरांनी निकाल लावला.

एके संध्याकाळी सर आमच्या दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. "उद्या सकाळी घाटावर जाणार हाय," आईकडं बघत म्हणाले. "सातजणांचं हाय. आप्पांचं शेवटी. मी पाण्याला सांगणार. दुसऱ्या कुणाला सांगणार न्हाय." जायला वळले, मग परत थांबले. "खरं, घाट काय माझ्या मालकीचा न्हाय. कुणी कुठं बसावं, हे मी कोण सांगणार? आन् मला हल्ली कमी ऐकू येतंय. जरा मोठ्यांदाच वाचतो मी."

मी साडेपाचला घाटावर गेले. तोंड धुतलं नाही, का ते माहीत नाही. धुकं एवढं होतं की पाणी दिसत नव्हतं, नुसतं पायऱ्यांना लागल्याचा आवाज येत होता. दीपमाळा धुक्यात अर्ध्यापर्यंत बुडालेल्या, जशा काही हवेतच उभ्या. सर खालच्या पायरीवर बसले होते, मांडीवर छापलेले कागद, त्यावर बॅटरीचा उजेड, आणि त्यांची पाठ माझ्याकडं होती. मी तीन पायऱ्या वर बसले. त्यांनी वळून बघितलं नाही.

सरांना नुसतं वाचता येत नसे. आयुष्यभर डिक्टेशन दिलेला माणूस. "वडाच्या झाडाखाली मी बसली हुती, स्वल्पविराम, वरनं भाकरी पडाय लागल्या, पूर्णविराम." शेजारच्या म्हातारीची भाकरी अशी पाण्यात गेली. कुणाची मेलेली आई एसटीच्या खिडकीतनं हात करून गेली. कुणी शाहूवाडीच्या डोंगरावर अनवाणी भात लावत होतं आणि चिखल गरम होता. वाचून झालेला कागद सर घडी करून खिशात ठेवायचे, घरी नेऊन बंबात घालायला. पाण्यात कागद टाकायचा नाही, पाण्याला नुसतं सांगायचं. एकेक माणूस धुक्यातनं येऊन बसल्यासारखं व्हायचं आणि उठून जायचं. मला वेळाचं भान राहिलं नव्हतं.

मग सरांनी चष्मा पुसला. जाड गठ्ठा होता. आप्पांचं नाव त्यांनी पाण्याला मोठ्यांदा सांगितलं.

पहिली काही गुळाचीच होती. ढेप काट्यावर ठेवली, काटा हलेना. गुऱ्हाळातली काहील आटत आटत वाटीएवढी झाली. बैल जिना चढून माडीवर आला आणि परत उतरेना. मला हसू आलं, आप्पा तसेच बोलायचे. मग सरांनी एक पान उलटलं आणि त्यांचा आवाज बारीक झाला. परत त्यांनी तो मोठा केला.

"आज स्वप्नात माझी लेक माझ्यासंगं बोलत हुती. पूर्णविराम. काय बोलली त्ये कळलं न्हाय. पूर्णविराम. खरं लय वेळ बोलत हुती. पूर्णविराम. मी मधी बोललो न्हाय, स्वल्पविराम, मधी बोललो तर थांबल म्हणून. पूर्णविराम."

मी तोंडात पदर कोंबला.

सर पुढचं पान वाचायला लागले. तारीख दुसऱ्या दिवसाची, स्वप्न तेच. शब्दाला शब्द तोच. त्याच्या पुढच्या दिवशी तेच. चार-पाच पानं झाल्यावर सर थांबले आणि पाण्याकडं बघत, कागदात नसलेलं म्हणाले, "मी एकदा नियम मोडून इचारलं हुतं गं तुझ्या आप्पाला. न्हवं, पाण्याला सांगतोय मी. इचारलं, आप्पा, रोज तेच स्वप्न कसं काय पडतंय? तर म्हणाला, एकदाच पडलं हुतं, सर. आता पडत न्हाय. तरी रोज लिवा."

मला मोठ्यांदा रडू आलं आणि मी रडले. घाटावर कपडे धुणाऱ्या बायका वळून बघत होत्या, बघू देत. मला सांगायचं होतं, आप्पा, त्या चपला मी बघितल्या होत्या, त्यासाठी नाही म्हणाले. ओठावर आलं होतं. पण सरांनी पुढची तारीख सुरू केली होती, आज स्वप्नात माझी लेक, आणि ते आता एकही पान गाळणार नव्हते, हे त्यांच्या पाठीवरनंच कळत होतं. ऊन वर आलं, धुकं विरलं, पलीकडचा काठ दिसायला लागला, तरी तारखा चालूच होत्या. शेवटच्या पानापर्यंत मी मधे बोलले नाही.